संघ कुणाचा?

(लोणंद येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'फुटबॉल' हा विषय पाहून तुमच्यापैकी काहींनी कपाळाला हात लावला, हे माझ्या कानावर आले आहे. कांद्याचे भाव, बाजार समितीचा कारभार, कालव्याचे पाणी असे जिव्हाळ्याचे विषय समोर असताना या निवृत्त मास्तरांना खेळाच्या गप्पा कुठून सुचल्या, असा प्रश्न एका तरुण मित्राने मला तोंडावरच विचारला. प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर एवढेच, की आज मी ज्या गोष्टीविषयी बोलणार आहे तिचे नाव फुटबॉल असले तरी तिचा विषय मालकी हाच आहे. आणि मालकीविषयी बोलायला समाजवाद्याला संकोच वाटू नये.

प्रथम एक घरगुती हकीकत सांगतो. २०१८ साली माझा भाचा पुण्यात शिकत होता. त्याला फुटबॉलचे वेड. इंडियन सुपर लीग नावाच्या व्यावसायिक स्पर्धेत 'एफ.सी. पुणे सिटी' हा संघ खेळत असे आणि त्याचे सामने बालेवाडीच्या क्रीडासंकुलात होत. भाच्याच्या आग्रहाखातर मी लोणंदहून दुपारच्या गाडीने पुण्याला जाई, संध्याकाळचा सामना पाही आणि रात्री उशिरा स्वारगेटहून मिळेल त्या एस.टी.ने परते. तो हंगाम वाईट गेला. सुरुवातीपासूनच संघ हरत होता. आमच्या भोवतीची नारिंगी सदरे घातलेली मुले आधी हताश झाली आणि मग चिडली. "कोच बदला!" असा घोष सुरू झाला. साठीच्या उंबरठ्यावर असलेला मीही, खोटे कशाला सांगू, त्या घोषात सामील झालो.

कोच बदललाही. संघ थोडा सावरला. आणि हंगाम संपल्यावर सहा महिन्यांच्या आत, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, संघच नाहीसा झाला. स्पर्धेतील त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतली. भाचा त्या वेळी मला म्हणाला, "मामा, आपण कोचला शिव्या देत बसलो आणि यांनी टीमच उचलून नेली."

मित्रहो, चाळीस वर्षे मी अर्थशास्त्र शिकलो आणि शिकवले. परंतु मालक आणि चाकर यांतला फरक इतक्या थोड्या शब्दांत मला कधी सांगता आला नाही. आजचे माझे भाषण म्हणजे त्या एका वाक्याचे भाष्य आहे.

प्रशिक्षक येतात, प्रशिक्षक जातात

आधी वस्तुस्थिती पाहू. एफ.सी. पुणे सिटी हा संघ २०१४ ते २०१९ या काळात पाच हंगाम खेळला. या पाच हंगामांत त्याला सहा मुख्य प्रशिक्षक लाभले. २०१४ मध्ये इटलीचे फ्रांको कोलोंबा, २०१५ मध्ये इंग्लंडचे माजी खेळाडू डेव्हिड प्लॅट, २०१६ मध्ये स्पेनचे अंतोनियो हबास, २०१७-१८ मध्ये सर्बियाचे रांको पोपोविच, २०१८ मध्ये स्पेनचे मिगेल आंगेल पोर्तुगाल आणि शेवटी इंग्लंडचे फिल ब्राऊन. पोर्तुगाल यांना तर हंगाम सुरू होताच काही सामन्यांत निरोप मिळाला. मधल्या काळात प्रद्युम रेड्डी यांनी हंगामी म्हणून काम पाहिले. संघाचे क्रमांक अनुक्रमे असे लागले: सहावा, सातवा, सहावा, चौथा, सातवा.

ही माणसे नालायक होती काय? मुळीच नाही. हबास यांनी २०१४ मध्ये याच स्पर्धेत कोलकात्याच्या संघाला विजेतेपद मिळवून दिले होते. ब्राऊन यांनी २००८ मध्ये हल सिटी या संघाला इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत नेले होते. नामवंत खेळाडूंचीही वाण नव्हती. पहिल्या हंगामात फ्रान्सच्या १९९८ च्या विश्वविजेत्या संघातला डेव्हिड त्रेझेगे आला, दुसऱ्यात रुमानियाचा एड्रियन मुटू आला. दोघेही आपल्या कारकिर्दीच्या मावळतीला आलेले होते. तिसऱ्या हंगामासाठी आइसलंडचा गुडजॉन्सन घेतला, तो हंगामापूर्वीच जखमी झाला.

आता यातले अर्थशास्त्र पाहा. पहिले तीन हंगाम जेमतेम अडीच महिन्यांचे होते. ऑक्टोबरात सुरुवात, डिसेंबरात शेवट. नवा प्रशिक्षक, निम्मे नवे खेळाडू, सगळ्यांची भाषा निराळी, आणि पाणी तापायच्या आत चूल विझवायची! बागाईतदार शेतकरी सुद्धा एका हंगामात डाळिंबाची फळे मागत नाही. ज्या २०१७-१८ च्या वर्षी हंगाम काही महिन्यांनी लांबला, त्याच वर्षी हा संघ चौथा आला आणि उपांत्य फेरीत बंगळूरच्या संघाशी झुंजला. म्हणजे वेळ मिळाला तेव्हा फळ दिसले. पण पुढच्या हंगामाला तो प्रशिक्षकही उरला नाही.

प्रेक्षकाचा राग प्रशिक्षकावर का जातो, याचे कारण सोपे आहे. प्रशिक्षक दिसतो. मैदानाच्या कडेला तो उभा असतो, हातवारे करतो, चुकीचा खेळाडू चुकीच्या वेळी बदलतो. ज्या खोलीत अंदाजपत्रक ठरते, तीन महिन्यांचे करार होतात, नाव पाहून खेळाडू घेतला जातो, ती खोली स्टेडियममधून दिसत नाही. आणि व्यवस्थापनाला हा राग सोयीचाच असतो. प्रेक्षकांनी डोके मागितले की एक डोके देता येते. खर्च थोडा, समाधान मोठे.

डोके दिल्याने खेळ सुधारतो का? यावर अर्थतज्ज्ञांनी हॉलंडसारख्या देशांतल्या लीगच्या आकडेवारीवरून बराच खल केलेला आहे. त्यातून सामान्यतः दिसते ते असे, की प्रशिक्षक काढल्यावर निकाल सुधारतात खरे. पण तितक्याच वाईट स्थितीत सापडलेल्या आणि प्रशिक्षक न काढणाऱ्या संघांचे निकालही जवळजवळ तितकेच सुधारतात. कारण प्रशिक्षक काढला जातो तो घसरण अगदी तळाला गेल्यावर, आणि तळाला गेलेली गोष्ट पुढे बहुधा थोडी वर येतेच. लोणंदकरांना हे समजावून सांगायला मला संख्याशास्त्राची गरज नाही. कांद्याचा भाव अगदी पडलेल्या दिवशी बाजार समितीचा सचिव बदलला, तर पुढच्या पंधरवड्यात भाव थोडा चढला म्हणून त्या नव्या सचिवाचा सत्कार आपण करू काय? पुण्याच्या संघाचे निकाल २०१८-१९ च्या उत्तरार्धात बरे लागले, त्याचे श्रेय नव्या प्रशिक्षकाला किती आणि या साध्या नियमाला किती, हे मी तरी ठामपणे सांगू शकत नाही. त्या वेळी मात्र मी टाळ्या वाजवल्या होत्या.

चांगले चालवूनही

कुणी म्हणेल, प्रश्न केवळ वाईट व्यवस्थापनाचा आहे. चांगले व्यवस्थापन आणा, सारे ठीक होईल. मलाही काही काळ तसे वाटत होते. म्हणून मी याच पुण्यातले दुसरे उदाहरण तुमच्यापुढे ठेवतो.

'पुणे एफ.सी.' नावाचा आणखी एक संघ होता. अशोक पिरामल समूहाने तो २००७ मध्ये स्थापन केला. तो खालच्या श्रेणीतून खेळून २००९ मध्ये आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय सर्वोच्च श्रेणीत, आला. त्याचे प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. त्यांना चार हंगाम मिळाले. परेरांचा संघ पहिल्याच वर्षी तिसरा आला आणि २०१२-१३ मध्ये देशात दुसरा. बड्या नावांचा सोस नव्हता, मुलांसाठी अकादमी होती, कारभार नीटनेटका होता. चांगल्या व्यवस्थापनाचा नमुना म्हणून मी तो विद्यार्थ्यांना सांगितला असता.

त्या संघाचे काय झाले? २०१४-१५ च्या हंगामानंतर तो बंद झाला. श्रीमंतांची, चित्रपट नटांची, दूरदर्शनवरच्या जाहिरातींची नवी स्पर्धा शेजारच्याच मैदानात उभी राहिली होती. जुन्या स्पर्धेत पैसा घालत राहण्यात मालकाला अर्थ वाटला नाही. त्याची अकादमी पुढे एफ.सी. पुणे सिटीकडे गेली.

आणखी मागे जा. मुंबईचा 'महिंद्रा युनायटेड' हा १९६२ पासूनचा संघ. त्याने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली. तेव्हाही प्रशिक्षक परेराच होते. २०१० मध्ये कंपनीने तो संघ बंद केला. गोव्याकडे पाहा. धेंपो हा पाच वेळा राष्ट्रीय विजेता झालेला संघ. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब या तिघांनी राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. त्यांना त्यासाठी आपापली कारणे होती आणि ती सगळीच चुकीची होती असे मी म्हणणार नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. या सर्व संघांपैकी कुणी जिंकत होता, कुणी हरत होता. कुणाचे व्यवस्थापन चोख होते, कुणाचे ढिसाळ. शेवट मात्र एकाच पद्धतीने ठरला. एका खोलीत बसलेल्या थोड्या माणसांनी निर्णय घेतला आणि हजारो माणसांनी तो वर्तमानपत्रात वाचला.

कामगार, आश्रयदाता आणि फ्रँचायझी

थोडा इतिहास सांगतो. मुंबईत रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ पासून होती. स्वातंत्र्यानंतर मुंबईचे फुटबॉल मुख्यतः संस्थांनी पोसले. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, मध्य रेल्वे, एअर इंडिया, आर.सी.एफ. अशी त्या संघांची नावे होती. या पद्धतीत खेळाडू हा नोकर असे. सकाळी सराव, दुपारी कचेरी, आणि गुडघा मोडला तरी महिन्याचा पगार व पुढे निवृत्तिवेतन. खेळाचा दर्जा कुणी काहीही म्हणो, माणसाच्या आयुष्याची हमी होती. गिरण्या गेल्या, सार्वजनिक उद्योगांनी क्रीडाभरती आखडती घेतली आणि ही हमी विरत गेली.

मग डिसेंबर २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आय.एम.जी.-रिलायन्सशी १५ वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला. देशातल्या फुटबॉलचे व्यापारी हक्क त्या करारान्वये गेले. त्यातूनच २०१४ मध्ये आठ संघांची इंडियन सुपर लीग उभी राहिली. हे संघ गावातून, क्लबातून, शाळेच्या मैदानातून वर आलेले नव्हते. ते परवान्यासारखे दिले गेले होते. त्यालाच फ्रँचायझी म्हणतात. आणि या स्पर्धेत तळाला आलेल्या संघाला खाली ढकलण्याची तरतूद नव्हती. बाजारपेठेचे गोडवे गाणाऱ्यांनीच बांधलेल्या या व्यवस्थेत स्पर्धेची मुख्य शिक्षा गाळलेली होती! पाचपैकी चार वर्षे सहावे-सातवे येऊनही संघाची जागा अबाधित राहते, मग व्यवस्थापनाला घाई कशाची?

आता इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. भांडवलदार इथे प्रेक्षकांना लुटून गब्बर होतो, असे सोपे चित्र मी रंगवणार नाही, कारण ते खरे नाही. या स्पर्धेतले संघ वर्षानुवर्षे तोट्यात चालत आले आहेत. तिकिटाच्या पैशातून परदेशी खेळाडूचा पगारही निघत नाही. मग मालक पैसे का घालतो? प्रतिष्ठेसाठी, ओळखींसाठी, कधी खेळाच्या खऱ्या आवडीपोटीही. तो इथे आश्रयदाता असतो. आणि आश्रयदाता हा व्यापाऱ्याहून अधिक बेजबाबदार होऊ शकतो. व्यापाऱ्याला निदान गिऱ्हाईक तुटण्याची भीती असते. निवडून आलेल्याला मत जाण्याची भीती असते. तोट्यात दान करणाऱ्याला यांपैकी काहीच नसते. त्याच्या वह्या पाहायच्या म्हटले, तर "पैसे माझे आहेत" हे त्याचे उत्तर तयार असते.

एफ.सी. पुणे सिटीची मालकी वाधवान समूहाकडे होती आणि हृतिक रोशनसारख्या नटाची भागीदारी होती. याच समूहाशी निगडित दिवाण हाऊसिंग फायनान्स ही कंपनी २०१९ मध्ये देणी चुकती करू शकली नाही. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेने तिचे संचालक मंडळ बाजूला सारले. समूहाची तिजोरी आटत असताना फुटबॉलचा संघ टिकणार नव्हता हे उघड आहे. ज्या ठेवीदारांची पूर्ण रक्कम परत आली नाही, त्यांच्या दुःखापुढे फुटबॉलप्रेमी तरुणांचे दुःख लहान आहे, हेही मी मान्य करतो. पण जात एकच आहे. दोघांनीही काहीतरी ठेव ठेवली होती. दोघांनाही कारभारात आवाज नव्हता.

पुढची कहाणी अधिक बोलकी आहे. पुण्याची जागा घेतलेल्या हैदराबादच्या संघाने स्पेनच्या मानोलो मार्केस यांना तीन हंगाम प्रशिक्षक ठेवले आणि २०२१-२२ मध्ये स्पर्धा जिंकली. "कोच टिकवा" या उपदेशाचे याहून चांगले फळ कोणते? पण दुसऱ्याच वर्षी खेळाडूंचे पगार थकू लागले, माणसे सोडून गेली, संघ तळाला गेला, मालक बदलला आणि २०२५ च्या ऑक्टोबरात तो संघ दिल्लीला हलवला गेला, नावही बदलले. पुणे, हैदराबाद, दिल्ली! सहा वर्षांत एक परवाना तीन शहरांतून फिरला आणि प्रत्येक शहरात कुणीतरी भाचा आपल्या मामाला तेच वाक्य म्हणाला असेल.

आणि २०२५ च्या डिसेंबरात तो १५ वर्षांचा करारही संपला. त्याआधी महासंघाने नव्या निविदा मागवल्या, तर नोव्हेंबरच्या मुदतीत एकही निविदा आली नाही. अलीकडे सप्टेंबरात सुरू होणारी स्पर्धा वर्ष संपले तरी सुरू झाली नव्हती. ज्या बाजाराच्या भरवशावर जुनी घरे मोडली, तो बाजारच दारात आला नाही.

निघून जाणे आणि बोलणे

अल्बर्ट हर्शमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाचे १९७० मध्ये प्रसिद्ध झालेले एक छोटे पुस्तक मी पदव्युत्तर वर्गांना आवर्जून वाचायला सांगत असे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: एखादी संस्था घसरू लागली, की तिच्या माणसांपुढे दोन वाटा असतात. निघून जाणे किंवा बोलणे. एका दुकानाचे तेल भेसळीचे निघाले की गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते. अर्थशास्त्राला हीच वाट अधिक ओळखीची. बोलण्याची वाट राजकारणाची. आणि या दोहोंमध्ये निष्ठा उभी असते. ती माणसाला निघून जाऊ देत नाही, म्हणून बोलायला भाग पाडते.

खेळाचा चाहता ही निष्ठेची पराकाष्ठा. आपला संघ हरतो म्हणून शेजारच्या शहराच्या संघाचा कुणी होत नाही. निघून जाण्याची वाट त्याने स्वतःच बंद केलेली असते. त्याच्याजवळ उरते ती केवळ बोलण्याची वाट, आणि तिला आपल्याकडे दारच ठेवलेले नाही. ना सभासदत्व, ना मत, ना हिशेब पाहण्याचा अधिकार. ज्याला निघून जाता येत नाही आणि ज्याचे बोलणे कुणी ऐकत नाही, त्याच्या निष्ठेचे रूपांतर शिवीगाळीत होते. "कोच बदला" हा घोष म्हणजे दार नसलेल्या घरातल्या माणसाने भिंतीवर मारलेले डोके आहे.

बाहेरच्या देशांत हे दार आहे काय? काही ठिकाणी आहे. जर्मनीत १९९८ पासूनच्या नियमानुसार, काही अपवाद वगळता, क्लबच्या कंपनीतील मताधिकाराचे बहुमत सभासदांच्या संघटनेकडे राहिले पाहिजे. अडाणी गर्दीला कारभार कळत नाही म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगचे काही हक्क बाहेरच्या गुंतवणूकदाराला देण्याचा घाट प्रेक्षकांनी मैदानावर टेनिसचे चेंडू फेकून, सामने थांबवून, हाणून पाडला. इंग्लंडमध्ये विम्बल्डन हा संघ. १९८८ मध्ये तिथला राष्ट्रीय चषक जिंकलेला. मालकांनी २००३ मध्ये तो नव्वदेक किलोमीटर दूर असलेल्या नव्या शहरात नेला. तेथील चाहत्यांनी काय केले? २००२ मध्ये परवानगीचा निर्णय होताच त्यांनी स्वतःचा नवा क्लब काढला, एका बागेत मुले निवडली, अगदी खालच्या श्रेणीपासून खेळायला सुरुवात केली आणि नऊ वर्षांत, २०११ मध्ये, राष्ट्रीय लीगमध्ये परतले. २०२० मध्ये आपल्या जुन्या भागात त्यांनी मैदानही उभे केले. तो क्लब सभासदांचा आहे. तो काही मोठे चषक जिंकत नाही. हरतोही पुष्कळदा. पण तो कुणी उचलून नेऊ शकत नाही.

कोल्हापूर आणि आपले सहकार

दूर कशाला जायचे? आपल्या शेजारी कोल्हापूर आहे. तिथे पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा अशा तालमींचे आणि शिवाजी तरुण मंडळासारख्या मंडळांचे फुटबॉल संघ आहेत. शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्यांना जमणारी गर्दी व्यावसायिक संघांनी हेवा करावा अशी असते. तालमीचा संघ हरला तर पेठेत सुतक पडते. पण तो संघ उद्या नागपूरला गेला असे कुणाच्या स्वप्नातही येत नाही. पेठ उचलून नेता येत नाही. याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

तरी कोल्हापूरचे केवळ गुणगान करून मी थांबणार नाही. तिथल्या ईर्ष्येने मैदानात आणि बाहेर हाणामाऱ्याही झाल्या आहेत. आणि तालमीच्या जिव्हाळ्यावर खेळाडूचे घर चालत नाही. एक दुखापत झाली की तो घरी बसतो. जिथे मुळे आहेत तिथे पैसा नाही, जिथे पैसा आहे तिथे मुळे नाहीत, असे हे दुखणे आहे.

तेव्हा कुणी म्हणेल, मास्तर, सहकारी क्लब काढा! मित्रहो, हा शब्द साताऱ्या-सांगलीच्या भूमीत उच्चारताना मला आता थोडे थांबावेसे वाटते. प्रवरानगरचा कारखाना निघाला तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळांसारखे अर्थतज्ज्ञ होते आणि सभासद शेतकरी हा मालक होता. पुढे अनेक कारखान्यांत काय झाले ते तुम्ही माझ्याहून अधिक जाणता. मत सभासदाचे राहिले आणि खुर्ची घराण्याची झाली. सर्वसाधारण सभेत विषय मंजूर, मंजूर म्हणत पंधरा मिनिटांत वर्षाचा हिशेब उरकला गेला. म्हणून केवळ कायद्याने मालकी सभासदांच्या नावावर आली म्हणजे काम भागले असे समजणे भाबडेपणाचे आहे. मालकी हा कागद आहे. तो रोज वापरला नाही तर त्याची रद्दी होते.

मग मागायचे काय?

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. मी संघांचे राष्ट्रीयीकरण मागत नाही. पहिली गोष्ट: बालेवाडीचे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी सार्वजनिक पैशातून उभे राहिले. सार्वजनिक मैदान भाड्याने घेणाऱ्या प्रत्येक व्यावसायिक संघाला शासनाने अटी घालाव्यात. संघाचे वार्षिक हिशेब प्रसिद्ध झाले पाहिजेत. संचालक मंडळावर चाहत्यांच्या नोंदणीकृत संस्थेने निवडलेला एक तरी प्रतिनिधी असला पाहिजे. शहराचे नाव लावणाऱ्या संघाला त्या संस्थेच्या संमतीवाचून नाव, रंग आणि गाव बदलता येऊ नये. दुसरी गोष्ट: खेळाडू, प्रशिक्षक आणि मैदान राखणारा माळी या सर्वांच्या एका हंगामाच्या पगाराइतकी रक्कम मालकाने आधीच बँकेत हमी म्हणून ठेवावी. काढून टाकलेला प्रशिक्षकही शेवटी नोकरच असतो, हे आम्ही घोषणा देणारे विसरलो होतो. तिसरी गोष्ट: अकादमीतली मुले ही मालमत्ता समजली जाऊ नयेत, संघ बंद पडला तर त्यांच्या शिक्षणाची आणि पुढल्या प्रशिक्षणाची जबाबदारी आधीच ठरलेली असावी.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. महासंघांच्या कारभारात खेळाडूंना स्थान देण्याची त्यात तरतूद आहे, हे स्वागतार्ह आहे. पण तिकीट काढून येणाऱ्या माणसाला त्यात स्थान नाही. तो अजून गिऱ्हाईकच आहे.

हे सारे होईल तेव्हा होईल. तोवर एक काम आपल्या हातचे आहे. आपल्या गावातील मुले ज्या मैदानावर खेळतात त्या मैदानाचा सातबारा कुणाच्या नावावर आहे, ते आधी पाहा. शाळेच्या, मंडळाच्या संघाचा जमाखर्च फलकावर लावा. निवड समितीत दोन पालक घ्या. मुलींना वेळेच्या वाटणीत उरलासुरला तास देऊ नका. हिशेब मागण्याची सवय लहान संघात लागली नाही तर मोठ्या संघात ती येणार नाही. आणि हे मी केवळ फुटबॉलविषयी बोलतो आहे असेही समजू नका. निवडणूक हरल्यावर आपणही जिल्ह्याचा सरचिटणीस बदलतो, टाळ्या वाजवतो आणि पुढल्या पराभवाच्या तयारीला लागतो. ज्या सभेत धोरण ठरले ती सभा कुणी भरवली आणि तिला किती जणांना बोलावले होते, हे विचारणारा आपल्यातही विरळाच.

दर वर्षी आषाढात माउलींची पालखी नीरा ओलांडून आपल्या लोणंदला मुक्कामाला येते. दिंड्यांतला वारकरी चालून थकतो, पावसात भिजतो, कधी विणेकऱ्यावर चिडतोही. पण कुणा धनिकाने आपली दिंडी विकत घेऊन दुसऱ्या गावाला नेली, अशी तक्रार त्याच्या तोंडून मी कधी ऐकली नाही. कारण ती दिंडी त्याच्या चालण्यातून उभी राहिलेली असते, आणि हे त्याला ठाऊक असते.

माझ्या भाच्याने ते नारिंगी सदरे अजून जपून ठेवले आहेत. दुसऱ्या कुठल्याही संघाचे त्याने घेतले नाहीत. आता तो पुण्यात रविवारी सकाळी एका वस्तीतल्या मुलांना फुटबॉल शिकवतो. त्या मुलांचा संघ अलीकडे एका स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरला. मुलांनी त्याला सांगितले, "सर, तुम्ही चुकीची टीम उतरवली." मी हसलो. तो मात्र गंभीरपणे म्हणाला, "मामा, मी त्यांना बसवून विचारले, पुढच्या वेळी कोण खेळवायचे ते तुम्हीच सांगा. दोन तास भांडत होती पोरे."

अध्यक्ष महाराज, त्या दोन तासांच्या भांडणाला मी चांगले व्यवस्थापन म्हणेन.